वेग जातो कुठे?

हळदीची काढणी सुरू झाली की हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ आणि वसमतच्या मधल्या रस्त्यांवर एक वेगळीच वर्दळ सुरू होते. हळद शिजवायचे कुकर, पॉलिशचे ढोल, पाण्याच्या टाक्या, सगळं चाकांवर बसवलेलं आणि कुणाच्या तरी मागे हुकाला अडकवलेलं. ओढायला बहुतेक वेळा ट्रॅक्टर असतो, मधूनच एखाद्याच्या घरची जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीपही या कामाला लागते. औंढ्याच्या भोवतीच्या टेकड्यांमधला चढ आला की रस्त्याकडेची माणसं मान वळवून बघतात, गाडी ओढते का! चढ संपतो, गाडी पलीकडे उतरायला लागते आणि बघणाऱ्यांचं लक्ष उडतं. माझ्या मते खरा चमत्कार तिथून पुढे सुरू होतो. चढावर इंजिन जे करतं ते सगळ्यांना ऐकू येतं. उतारावर ब्रेक जे करतात ते ना ऐकू येतं, ना दिसतं, आणि तरीही एखाद्या क्षणी ते इंजिनाच्या कामापेक्षा कितीतरी मोठं असतं.

हिशेब मांडून बघू. जीप, तिच्यातली माणसं आणि सामान धरून दीड टन. मागे एक टनाची ट्रॉली. वेग ताशी ६० किलोमीटर. या अडीच टनांच्या अंगात त्या क्षणी सुमारे ३४७ किलोज्यूल ऊर्जा असते. ब्रेक दाबला, गाडी उभी राहिली. ऊर्जा नाहीशी होत नाही हे आपण शाळेत शिकलेले असतो. मग ही ऊर्जा गेली कुठे? जवळजवळ सगळी उष्णता होऊन चाकांच्या आतल्या काही किलो बिडात शिरली. एक लिटर पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते तेवढी, खरं तर थोडी जास्तच. आणि हे सगळं चार सेकंदांत उरकलं.

चार सेकंदांत ३४७ किलोज्यूल म्हणजे सरासरी ८७ किलोवॅट, जवळपास ११७ अश्वशक्ती. जुन्या जीपचं इंजिन साठ-सत्तर अश्वशक्तीच्या आसपासचं असतं. म्हणजे गाडीतलं सर्वांत ताकदवान यंत्र बॉनेटखाली नसतंच, ते चाकात असतं. इंजिनाला वेग मिळवायला जो वेळ लागतो त्याच्या कितीतरी कमी वेळात तो वेग काढून घेणारं.

वेग वाढला की हा आकडा सरळ रेषेत वाढत नाही, वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० चे ८० केले तर वेग एक तृतीयांशाने वाढला, ऊर्जा मात्र ३४७ वरून ६१७ किलोज्यूलवर गेली. उताराचा हिशेब याहून कठोर आहे. अडीच टनांचं हे जोडवाहन शंभर मीटर उंचीचा उतार एकाच वेगाने उतरलं, तर वाटेत २,४५० किलोज्यूल कुठेतरी टाकावे लागतात. ६० च्या वेगावरून सात वेळा, एकामागून एक, मध्ये गार व्हायला उसंत न देता थांबण्यासारखं आहे हे. सह्याद्रीतल्या मोठ्या घाटांत उतार याच्या कित्येक पट असतो.

गतीची अशी उष्णता होताना एका माणसाने फार पूर्वी बारकाईने पाहिली होती. काउंट रम्फर्ड हा मूळचा अमेरिकन माणूस म्युनिकच्या तोफखान्यात तोफांच्या नळ्या कोरण्याचं काम बघत असे. नळी कोरताना ती भयंकर तापते हे त्याला खटकलं. त्याने मुद्दाम बोथट हत्यार लावून, पाण्यात बुडवलेला पितळी तोफेचा गोळा घोड्यांकरवी त्याच्यावर फिरवायला लावला. अडीच तासांत साडेआठ लिटरच्या आसपासचं पाणी उकळू लागलं. विस्तवाशिवाय उकळलेलं पाणी बघून जमलेले लोक थक्क झाले. १७९८ मध्ये त्याने हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं आणि उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे या त्या काळच्या समजुतीला मोठा तडा गेला. उष्णता म्हणजे गतीचंच दुसरं रूप. आपली जीप ट्रॉलीसह शंभर मीटर खाली उतरते तेव्हा रम्फर्डच्या प्रयोगात पाण्यात शिरलेल्या उष्णतेच्या बऱ्याच मोठ्या भागाइतकी उष्णता तयार होते, अडीच तासांऐवजी काही मिनिटांत.

तेव्हा जुन्या जीपचे पुढचे ब्रेक सुधारायचे म्हणजे काय, याचं उत्तर ‘जास्त जोराने दाबणारे ब्रेक बसवायचे’ इतकंच नाही. एवढी उष्णता घेऊनही न बदलणारे आणि ती झटकन वाऱ्यावर सोडून देणारे ब्रेक बसवायचे.

महाराष्ट्रातल्या जुन्या जीपांचा वंश मुंबईच्या माझगावातून सुरू होतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्राने तिथे विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे सीजे-३बी हे मॉडेल कित्येक वर्षं आपल्या रस्त्यांवर, शेतांत आणि सरकारी ताफ्यांत धावलं. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ८० इंच अंतर आणि चारही चाकांना नऊ इंची ड्रम ब्रेक. त्या जीपच्या हलक्या वजनाला आणि तेव्हाच्या वेगाला ते पुरत होते.

ड्रमची रचना मला फार हुशारीची वाटते. चाकाबरोबर फिरणारं बिडाचं गोल भांडं. त्याच्या आत दोन अर्धगोल शू, त्यांच्यावर लायनर. पाय दाबला की व्हील सिलिंडर शूंना बाहेर ढकलतो आणि लायनर ड्रमला आतून घासतात. खरी गंमत पुढे आहे. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःबरोबर ओढू बघतो आणि या ओढीनेच तो शू ड्रममध्ये आणखी घट्ट रुततो. पायाने दिलेला जोर घर्षण स्वतःच वाढवून देतं. म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसतानाही सीजे-३बी माणसाच्या पायाच्या जोरावर थांबू शकत होती.

ट्रॉली मागे लागली आणि उतार लांबला की हीच हुशारी उलटते. जोर घर्षणातून वाढवून मिळत असेल, तर घर्षण थोडं घटलं की जोर त्या प्रमाणापेक्षा जास्त घटतो. लायनर फार तापला की त्यातल्या राळेचं विघटन होऊ लागतं, वायू सुटतो, पकड ढिली पडते. शिवाय डावीकडच्या आणि उजवीकडच्या लायनरमध्ये किंचित फरक असला, एकाला थोडं तेल लागलेलं असलं, तर तोही फरक वाढवून मिळतो आणि गाडी ब्रेक मारताच एका बाजूला ओढते. एकट्या जीपला स्टिअरिंगने सावरता येतं. मागून टनभर वजन रेटत असताना जीप तिरकी झाली तर ट्रॉली तिला आणखी तिरकी करते.

याहून सुंदर आणि घातक गोष्ट प्रसरणाची. बीड तापलं की फुगतं. नऊ इंचांचा, म्हणजे २२९ मिलिमीटरचा ड्रम २५० अंशांनी तापला तर त्याचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतो. वाढतो म्हणजे शूपासून दूर जातो. शूला ते अंतर कापायला जास्त सरकावं लागतं, त्यासाठी जास्त तेल लागतं, आणि चालवणाऱ्याला जाणवतं ते एवढंच की पेडल खाली गेलं. मग तो पेडल पंप करतो. उतार अजून बाकी असतो.

आता डिस्क बघा. चाकाबरोबर फिरणारी एक जाड तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड. तबकडी तापली की तीही फुगते, पण तिची जाडी वाढते ती पॅडच्या दिशेने! तोच धातू, प्रसरणाचा तोच नियम. एका ठिकाणी तो ब्रेकपासून दूर नेतो, दुसऱ्या ठिकाणी ब्रेककडे आणतो. भूमितीच्या एवढ्याशा फरकात घाट उतरण्याचं सगळं भवितव्य दडलेलं असतं. शिवाय डिस्क उघड्यावर असते. वारा तिच्या दोन्ही अंगांना लागतो, आणि ती दुपदरी असेल तर मधल्या पोकळीतून चाकाच्या फिरण्यानेच हवा खेचली जाते. ओढा ओलांडताना ड्रममध्ये पाणी आणि गाळ साठतो, डिस्कवरचं पाणी पहिल्या काही फेऱ्यांतच उडून जातं. पावसाळ्यात मराठवाड्यातल्या शेतरस्त्यांवर फिरणाऱ्याला हे सांगायला नको.

एवढी चांगली कल्पना पहिल्यापासून का नव्हती? कल्पना होती. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याचे पॅड तांब्याचे होते, ते असह्य किंचाळत आणि लवकर झिजत. तापमान सोसणारे पॅड आणि पुरेसा दाब देणारी तेलाची यंत्रणा तयार व्हायला अर्धं शतक गेलं. १९५३ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क लावलेल्या जॅग्वार गाडीने बाजी मारली. लांब सरळ रस्त्याच्या टोकाशी ती इतरांपेक्षा उशिरा ब्रेक लावू शकत होती, आणि पुढच्या फेरीत पुन्हा तेच, आणि चोविसाव्या तासालाही तेच. ट्रॉली ओढणाऱ्याला याच गुणाची गरज असते. पहिला ब्रेक कुठलाही चांगला लागतो, प्रश्न दहाव्याचा असतो.

आपल्याकडे जुन्या जीपला पुढे डिस्क बसवायची तर बरेच कारागीर त्याच घराण्यातल्या नव्या गाडीचे हब, डिस्क आणि पॅडना दाबणारे कॅलिपर वापरतात. लोखंडाचं काम त्यात तुलनेने सोपं असतं. अवघड असते ती तेलाची बाजू, आणि गडबड होते ती बहुधा तिथेच.

पायापासून सुरुवात करू. पायाने पेडलवर २५ किलोचा जोर दिला. पेडल ही तरफ आहे, तिने तो पाचपट केला, सव्वाशे किलो झाले. पेडलने दाबल्या जाणाऱ्या एक इंची मास्टर सिलिंडरचं तोंड सुमारे पाच चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे तेलात दर चौरस सेंटिमीटरला २५ किलोचा दाब. पास्कलचा नियम सांगतो की हा दाब तेलात सगळीकडे सारखा पसरतो. कॅलिपरमधला पिस्टन ५७ मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ साडेपंचवीस चौरस सेंटिमीटर, आणि पॅडवर पडणारा जोर सहाशे किलोंहून जास्त. पायातले पंचवीस किलो बारीक नळ्यांमधून फिरून चाकापाशी सहाशे किलो होतात!

एवढं करूनही पुरत नाही, कारण डिस्कमध्ये शूसारखं रुतणं नाही. पॅडची पकड, डिस्कची त्रिज्या आणि टायरची त्रिज्या धरून हिशेब केला तर या सहाशे किलोंमधून रस्त्यावर एका चाकामागे दीडशे-एकशेसाठ किलोंचं रोधबल मिळतं. आपल्या अडीच टनांच्या जोडवाहनाला चार सेकंदांत थांबवायला पुढच्या प्रत्येक चाकाला याच्या दुपटीहून जास्त, साडेतीनशेच्या पुढे लागतं. पायाने साठ-सत्तर किलोंचा जोर दर वेळी कोण देणार? म्हणून डिस्क आली की बूस्टर आलाच.

बूस्टरकडे मी कायम आदराने बघतो. पत्र्याचा चपटा डबा, मध्ये रबराचा पडदा. पडद्याच्या पुढच्या बाजूची हवा काढून घेतलेली. पाय दाबला की मागच्या बाजूला बाहेरची हवा आत सोडली जाते आणि ती पडद्याला ढकलते. २० सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यावर हा जोर दोनशे किलोंच्या पुढे जातो. हे बळ आपल्या डोक्यावर कित्येक किलोमीटर उंच साचलेल्या हवेच्या वजनातून येतं. औंढ्याच्या उतारावर जीप थांबवताना चालवणाऱ्याच्या पायाला सबंध वातावरण हातभार लावत असतं.

इथे डिझेल इंजिनाची एक अडचण आहे. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते, त्यामुळे तिच्यामागे आपोआप निर्वात तयार होतो आणि बूस्टरला तो फुकट मिळतो. साध्या डिझेल इंजिनात अशी झडप नसते, हवा मोकळी येते. म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, कित्येक गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच पाठीला जोडलेला असतो. जुन्या डिझेल जीपला नुसता बूस्टर जोडला आणि पंप नसला, तर तो डबा शोभेचा. इंजिन बंद पडलं तर साठलेल्या निर्वातावर एक-दोन ब्रेक मिळतात, पुढे पेडल दगडासारखं होतं.

जुन्या विलीज धर्तीच्या जीपांत मास्टर सिलिंडर पायाखाली, फरशीच्या खाली असतो, आणि सर्किट एकच. चार चाकांपैकी कुठलीही एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. डिस्कचा विचार करण्याआधी दुहेरी मास्टर सिलिंडरचा विचार करायला हवा, हे मी अगदी ठासून सांगेन. त्यात पुढचं आणि मागचं तेल वेगळं चालतं, एक बाजू गेली तरी दुसरी उरते. ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब कायम राखणारा एक छोटा व्हॉल्व्हही असतो. शूंना मागे ओढणाऱ्या स्प्रिंगांपुढे ते गरजेचं असतं. डिस्कच्या पॅडना मागे ओढायला अशी स्प्रिंग नसते. तो व्हॉल्व्ह तसाच राहिला तर पॅड सतत डिस्कला टेकलेले राहतात, ब्रेक न दाबताच तापत राहतात, आणि मालकाला वाटतं नव्या डिस्कमध्येच खोट आहे. कॅलिपरचे मोठे पिस्टन जास्त तेल मागतात हेही तितकंच खरं. मास्टर सिलिंडर लहान राहिला तर पेडल खोल जातं, फार मोठा घेतला तर पेडल कडक होऊन पकड कमी मिळते.

तेलाची स्वतःचीही एक कहाणी आहे. डॉट ३ प्रकारचं नवं ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या पुढे उकळतं, डॉट ४ हे २३० च्या पुढे. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. ओल मुरलेल्या तेलासाठी ठरवलेली किमान मर्यादा डॉट ३ ला १४० अंश आणि डॉट ४ ला १५५ अंश इतकी खाली आहे. उताराच्या हिशेबाकडे परत जा. पुढच्या दोन डिस्क मिळून बारा किलोंच्या आणि सत्तर टक्के काम पुढे, असं धरलं तर एका थांबण्याने त्या ४४ अंशांनी तापतात. शंभर मीटरचा उतार केवळ ब्रेकवर उतरला आणि उष्णता निसटायला वेळच मिळाला नाही, तर तीनशे अंशांनी. प्रत्यक्षात वारा त्यातली बरीच उष्णता नेतो, पण उरलेली पॅडमधून, पिस्टनमधून तेलापर्यंत पोचू शकते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. कॅलिपरमध्ये बुडबुडा झाला की पाय दाबतो तो वाफेला, आणि पेडल थेट फरशीला टेकतं. पुढच्या डिस्कवर हजारो रुपये खर्च करणाऱ्याने दोनशे-तीनशे रुपयांचं ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं बदलू नये, याचं मला फार वाईट वाटतं. जुने ड्रम उघडताना आणखी एक सांभाळायचं: जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तो भुगा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावा.

ब्रेक किंचाळतात त्यामागचं एक कारण माझ्या मनातून जात नाही. पॅड डिस्कला क्षणभर चिकटतो, ताण साठतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, सेकंदाला हजारो वेळा. १९६६ मध्ये ब्रेस आणि बायर्ली या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं की भूकंपामागेही असंच चिकटणं-सुटणं असू शकतं, फक्त तिथे पॅडच्या जागी डोंगराएवढे खडक असतात आणि दोन सुटण्यांमध्ये वर्षं किंवा शतकं जातात. हिंगोली जिल्ह्यात जमिनीखालून येणारे आवाज आणि सौम्य धक्के लोकांच्या ओळखीचे आहेत. दोन्हीच्या मुळाशी घर्षणाचं एकच गणित असावं, ही कल्पनाच केवढी मोठी!

औंढ्यात तर घर्षणाच्या दुसऱ्या टोकाची गोष्टही येऊ घातली आहे. तालुक्यातल्या दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मंजुरी दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता मिळाली. काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांच्या टोकांना ४० किलोंचे आरसे, आणि त्या आरशांचं प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकं हलणंही टिपायचं. हे आरसे अतिशुद्ध काचेच्या, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक धाग्यांवर टांगतात. धातूची तार का नाही? कारण धातूच्या आत जास्त घर्षण होतं.

१९०५ मध्ये आइन्स्टाइनने पाण्यात थरथरणाऱ्या सूक्ष्म कणांविषयी लिहिताना जे दाखवलं त्याचं सार असं: ज्या घर्षणाने कणाची गती उष्णतेत विरते, त्याच वाटेने पाण्यातली उष्णता उलट येऊन कणाला थरथरवते. गतीला उष्णतेकडे जायला दार उघडं असेल तर उष्णतेलाही गतीकडे यायला तेच दार उघडं असतं. ब्रेकमध्ये आपण हे दार सताड उघडतो. लायगोत ते जितकं बंद करता येईल तितकं बंद करायचं असतं, कारण त्यातून येणारी थरथर तारकांच्या टकरींची खूण बुडवून टाकते. त्या काचेच्या धाग्यांत घर्षण इतकं कमी असतं की एकदा कंप पावू लागले की ते कित्येक दिवस कंप पावत राहतात. एकाच तालुक्याच्या रस्त्यावर अडीच टनांची गती चार सेकंदांत उष्णता करणारी डिस्क, आणि पलीकडे गतीला दिवसेंदिवस उष्णता होऊ न देणारा धागा. निसर्गाचा नियम दोन्हीकडे तोच. हे कळलं तेव्हापासून मला औंढ्याचा नकाशा वेगळा दिसतो.

आता त्या चार सेकंदांकडे परत येतो, कारण ते मी मनाला येईल तसे निवडले नव्हते.

कितीही मोठी डिस्क बसवली तरी शेवटी गाडी थांबवतो तो टायर आणि डांबर यांच्यातला तळहाताएवढा स्पर्श. कोरड्या रस्त्यावर टायर आपल्यावरच्या वजनाच्या साधारण सत्तर टक्के इतकं रोधबल देतो असं धरू. एकटी जीप ६० वरून २० मीटरांत थांबते. मागे ब्रेक नसलेली टनभराची ट्रॉली लावली की वजन अडीच टनांचं, आणि रस्त्याला धरून ठेवणारे टायर फक्त दीड टनांखालचे. थांबायचं अंतर ३४ मीटर होतं, आणि वेळ तेच चार सेकंद. ओल्या रस्त्यावर ३५ चे ५९. इथे ब्रेक कुठल्या बनावटीचे आहेत हा प्रश्नच उरत नाही, टायरची मर्यादा आधी येते. पुढे डिस्क बसवल्याने हे ३४ मीटर कमी होत नाहीत. डिस्कमुळे मिळतं ते हे की दहाव्या वेळीही ३४ च राहतात, पन्नास होत नाहीत.

पुढच्याच ब्रेकना एवढं महत्त्व का, याचं उत्तरही याच हिशेबात आहे. ब्रेक लागला की गाडीचं नाक झुकतं, मागचं वजन पुढे येतं. जीपची चाकं जवळ-जवळ आणि बांधा उंच, म्हणून तिच्यात हे जास्तच होतं. जोराच्या ब्रेकला एकूण वजनाचा पाचवा हिस्सा मागून पुढे सरकतो. काम पुढच्या चाकांकडे जातं, उष्णताही तिकडेच जाते. पण ट्रॉलीचा भार हुकावर पडतो तेव्हा उलटं घडतं. हुक मागच्या आसापासून ७० सेंटिमीटर मागे असेल आणि त्यावर १०० किलो पडत असतील, तर पुढच्या चाकांवरचे सुमारे ३५ किलो उचलले जातात. ट्रॉलीत माल पुढे-मागे कसा रचला यावर पुढच्या ब्रेकची पकड बदलते, ही बाब सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. मोठे टायर घालणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला की तेवढीच पकड मिळवायला ब्रेकला दहा टक्के जास्त जोर लावावा लागतो.

जुन्या फोर व्हील ड्राइव्हकडे आणखी एक ब्रेक असतो, तो म्हणजे लो गिअर. उताराआधी गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली की चाकांना इंजिन फिरवावं लागतं, आणि तेवढी ऊर्जा ब्रेकपर्यंत पोचतच नाही, इंजिनातून आणि रेडिएटरमधून वाऱ्यावर जाते. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे लोक ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या पदरात टाकतात. वाचलेलं डिझेल मोजता येतं, तापलेला ड्रम बाहेरून दिसत नाही, म्हणून ही सवय टिकून आहे. ती सुटायला हवी.

राहिले ते वाढलेले चौदा मीटर. ते परत मिळवायचा मार्ग एकच, ट्रॉलीच्या टायरनाही कामाला लावायचं. युरोपात ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. त्यातली सर्वांत साधी रचना मला सर्वांत आवडते. हुकाजवळची दांडी आत-बाहेर सरकेल अशी ठेवलेली असते. जीपने ब्रेक लावला की ट्रॉली पुढे रेटते, दांडी आत सरकते, आणि त्या सरकण्यानेच केबल ओढली जाऊन ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक लागतात. ना वायर, ना तेलाची नळी. ट्रॉली जितक्या जोरात अंगावर येईल तितक्या जोरात तिचाच ब्रेक तिला लागतो. मागे घेताना हाच ब्रेक आडवा येतो, म्हणून जुन्या बनावटीत उतरून एक खिटी लावावी लागते, नव्या बनावटीत ते आपोआप होतं. आपल्या भागातल्या बहुतेक ट्रॉल्यांना असले ब्रेक नसतात, आणि जुन्या गाडीत असा कुठलाही बदल करण्याआधी आरटीओत चौकशी करावी लागते. पण जीपच्या पुढच्या डिस्क आणि ट्रॉलीचे ब्रेक, या दोहोंपैकी एकाचाच खर्च झेपणार असेल, तर जीपचे ड्रम, लायनर आणि तेल नीट करून मी आधी ट्रॉलीला ब्रेक बसवीन.